कंपनी सोडल्यावर घरात उरलेला माल मी कसा काढला

ताई, तुमचं वाचलं आणि मला माझं तीन वर्षांपूर्वीचं कपाट डोळ्यासमोर आलं. तुम्ही विचारायलात की माणसं जोडून माल विकायच्या कॉस्मेटिक कंपनीचं काम सोडलं, घरात डीपीनं, म्हणजे कंपनी आपल्याला देते त्या भावानं, ४५ हजाराचा माल पडलाय, अपलाइन, म्हणजे जिनं कामात आणलं ती, फोन उचलत नाही, घरचे रोज बोलायलेत, तर हा माल कमी किमतीत काढावा का चांगला भाव येईपर्यंत ठेवावा. ठेवू नका. मी लातूरची, साडेतीन वर्षं हेच काम केलं, सोडलं तेव्हा ३८ हजाराचा माल होता, त्यातले सात-आठ महिन्यांत २१ हजार हातात आले. कसे आले ते सांगते, लांबेल जरा.

आधी कंपनीला लिहा. अपलाइनला नाही, कंपनीला, आणि फोनवर नाही, ईमेलवर. थेट विक्रीबद्दल केंद्र सरकारच्या २०१६ च्या सूचना आहेत, त्यात काम सोडणाऱ्याचा विकता येण्यासारखा माल वाजवी अटीवर परत घ्यायची सोय कंपनीनं ठेवावी असं आहे, आणि डिसेंबर २०२१ मध्ये तर ग्राहक संरक्षण कायद्याखाली नियमच आलेत. तुमच्या करारात बायबॅक, म्हणजे माल परत घेणं, असा शब्द शोधा. किती दिवसांच्या आतला माल घेतात, पैसे किती कापतात ते तिथंच असतंय. मी सगळी बिलं जोडून पाठवली, दोनदा उत्तरच आलं नाही, तिसऱ्यांदा लिहिलं की आता १९१५ वर तक्रार करणार, तेव्हा शेवटच्या काही महिन्यांतला सीलबंद माल त्यांनी घेतला आणि ४,३०० रुपये खात्यावर आले. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, फोन करायला पैसे लागत नाहीत. आणि त्याच ईमेलमध्ये आयडी बंद करा म्हणून पण लिहा. कुणी म्हणेल शेवटचे पीव्ही, म्हणजे खरेदीवर मिळणारे पॉइंट, पूर्ण करून घे, कमिशनचा चेक येईल, मग सोड. एक रुपयाचा माल आता घेऊ नका.

परत जाणारा माल गेला की बाकीचा सतरंजीवर मांडा, सगळा, एका दुपारी, आणि प्रत्येक डबीची तारीख वहीत उतरवा. मी हे पहिले दोन महिने टाळलं कारण बघवत नव्हतं, आणि त्या दोन महिन्यांत नऊ वस्तूंची तारीख उलटली. तारीख उलटलेलं विकायचं नाही आणि फुकट पण द्यायचं नाही, कुणाच्या चेहऱ्यावर पुरळ आलं तर तुमच्याच दारात येणार. उघडलेलं, टेस्टर म्हणून वापरलेलं सुद्धा बाजूला काढा, काजळ-मस्करा तर नक्कीच. तारीख, बॅच नंबर, एमआरपी यावर कधी स्टिकर लावू नका.

माल ठेवलाय कुठं ते पण बघा. माझा अर्धा माल गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत होता आणि आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहितीच आहे, लिपस्टिकांना घाम सुटून त्या वाकल्या, सनस्क्रीन फोडलं तर पाणी वेगळं आणि क्रीम वेगळं. उरलेलं एक खोकं माहेरी उदगीरकडं जुन्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या छताच्या घरात होतं, तिथल्या आतल्या खोलीत उन्हाळ्यात पण गार असतंय, त्यातली एकही वस्तू खराब झाली नाही. फ्रिज लागत नाही, पण पत्र्याखालून आजच खाली आणा.

आता विकायचं. इथं मला जे कळलं ते सगळ्यात महत्त्वाचं. मला वाटायचं माल महाग आहे म्हणून बाया घेत नाहीत. तसं नव्हतं. त्या मला टाळत होत्या, कारण माझ्याकडून साबण घेतला की मागून मीटिंगचं बोलावणं येणार, जॉइन हो म्हणणार, हे सगळ्यांना माहीत होतं. शेजारच्या वहिनी तर मला बघून जिन्यातून परत वर जायच्या, मला ते तेव्हा कळलं नाही आणि कळलं तेव्हा फार वाईट वाटलं. सोडल्यावर मी व्हॉट्सॲपला एवढंच टाकलं की मी काम बंद केलंय, आता मीटिंग नाही, जॉइनिंग नाही, घरात जेवढा माल आहे तेवढा निम्म्या भावात काढायचाय, तारखा फोटोत दिसतील. दोन दिवसांत ५,००० चा माल गेला. पहिल्या त्याच वहिनी आल्या, तीन फेसवॉश घेतले आणि चहा पिऊन गेल्या. तुम्हाला लाज वाटायली असंल, मला पण वाटली, पण काम सोडलं हे लपवून माल विकायला गेलात तर कुणी जवळ येणार नाही.

दुसरा मोठा हात दिला संक्रांतीच्या वाणानं. दिवाळी झाली की जानेवारीतल्या संक्रांतीपर्यंत बरोबर वेळ मिळतो. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं, आणि वाण घेणारी बाई एक घेत नाही, पंचवीस-तीस घेते, सगळे सारखे. म्हणून छोटे साबण, लिपबाम, नेलपेंट, हँडक्रीम सुट्टे विकू नका, एकसारख्या वस्तूंचे गठ्ठे करा आणि डिसेंबरातच कॉलनीत, बचत गटात, शाळेतल्या मॅडमांना सांगून ठेवा. माझ्याकडं ८० रुपये एमआरपीचे ६० साबण होते, एका मॅडमनी ३५ रुपयांनी ३१ नेले, बाकीचे बचत गटात गेले. पुरुषांचे डिओ, फेसवॉश असतील आणि तारीख लांबची असंल तर धोंड्याच्या महिन्यात (२०२६ ला तो मे-जूनमध्ये) जावयाच्या ताटात ठेवायला लोक घेतेत.

पार्लरवाल्या मोठ्या पॅकिंगचं मसाज क्रीम, फेशियल किट घेतात, एमआरपीच्या ४० टक्क्यांच्या आसपास, पण रोख. लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारात मी चार दुकानं फिरले, तिघांनी हातच लावला नाही, एकानं चौथाई भाव सांगितला, तिथं दिवस घालवू नका. ऑनलाइन टाकायच्या आधी करार वाचा, बहुतेक ठिकाणी कंपनीची लेखी परवानगी लागते. अजून काम करणाऱ्या बायांना पीव्ही पाहिजे असतात म्हणून त्या कंपनीकडूनच घेतेत, तरी एखादीचं गिऱ्हाईक घाईत असलं की डीपीपेक्षा थोडं कमी करून तुमच्याकडून नेतील.

भाव मी तारखेवर लावला. वर्षाच्या वर बाकी असंल तर डीपीच्या थोडं खाली, सहा महिने ते वर्ष असंल तर एमआरपीच्या निम्मं, त्याच्या खाली तिसरा हिस्सा नाहीतर दुसऱ्या वस्तूवर फुकट. एक लक्षात घ्या, २२ सप्टेंबर २०२५ पासून शाम्पू, केसांचं तेल, साबणाची वडी, टूथपेस्ट, टाल्कम पावडरवरचा जीएसटी १८ चा ५ टक्के झालाय, म्हणजे तुमच्या डब्यावरची जुनी एमआरपी बघून गिऱ्हाईक म्हणणारच की दुकानात स्वस्त झालंय. तिथं हुज्जत घालू नका, तेवढं कमी करा. लिपस्टिक, चेहऱ्याच्या क्रीमला ते लागू नाही.

उधारी अजिबात नको. माझी जुनीच ६,२०० उधारी बाहेर होती. सोयाबीनचे पैसे आले की गावाकडच्या बाया देतेत, त्यामुळं दिवाळीच्या आसपासच मागायचे, पेरणीच्या आणि शाळेच्या फीच्या दिवसांत कितीही फिरा, कुणाकडं काही नसतंय. मी वही घेऊन घरी गेले, रागावले नाही, ४,००० आले.

आणि एक. तुमच्या शब्दावर कुणी जॉइन झालं असंल तर तुमच्या मालाआधी त्यांच्याकडं जा. माझ्या चुलत जावेनं माझ्यामुळं ३,००० चा माल घेतलेला, तिच्याकडं ते पैसे सहज आलेले नव्हते, शिवणकामाचे होते. मी तिचा माल परत घेतला आणि पहिले आलेले ३,००० तिला दिले. २१ हजारात ते धरलेले नाहीत. आज आम्ही एकमेकींच्या घरी जातो येतो.

तुम्ही लिहिलंय की १४ व्हिटॅमिन सी सीरम आहेत. त्यांच्यापासून सुरू करा, ते उन्हानं आणि उजेडानं पिवळं-तपकिरी पडतं. बाटली उजेडात धरून बघा, रंग बदललेल्या बाजूला काढा, बाकीच्यांच्या तारखा मला पाठवा, भाव आपण दोघी मिळून लावू.