नवा गुडघा: वाकण्याआधी सरळ व्हायला हवा

गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनविषयी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न: ऑपरेशनला दीड महिना आहे. व्यायाम केला की गुडघा जास्तच दुखतो. कसाही सांधा बदलायचाच आहे, तर तोपर्यंत विश्रांती घेतली तर चालेल ना?

नाही, विश्रांती घेऊ नका. सर्जन सांध्याचे झिजलेले पृष्ठभाग बदलतात, मांडीचे स्नायू तुमचे तेच राहतात. दुखण्यापायी ते आधीच बारीक झालेले असतात आणि ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत त्यांची ताकद आणखी घटते. म्हणून ऑपरेशनला जाताना जेवढी ताकद जमवता येईल तेवढी जमवा.

रोज करायच्या गोष्टी थोड्याच आहेत. पलंगावर पाय लांब करून बसा. घोट्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघा खाली पलंगाकडे दाबा. हात गुडघ्याच्या वाटीवर ठेवलात तर ती मांडीच्या दिशेनं वर सरकलेली जाणवेल. ती सरकली नाही तर स्नायू नीट आवळला गेलेला नाही, असं समजा. 5 सेकंद धरा, सोडा. असं 10 वेळा, दिवसातून तीनदा. मग उताणं झोपून चांगला पाय गुडघ्यात वाकवा आणि दुखरा पाय सरळ ठेवून साधारण एक फूट वर उचला. तिसरा व्यायाम खुर्चीतून उठण्या-बसण्याचा. खाली बसताना धपकन न बसता सावकाश टेका. हातांकडेही लक्ष द्या. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन अंग उचलण्याचा सराव असेल तर वॉकर धरल्यावर दंड भरून येत नाहीत. व्यायामानंतर थोडं दुखणं ठीक आहे. दुसऱ्या दिवशी सकाळीही ते वाढलेलंच असेल तर संख्या निम्मी करा, पण बंद करू नका. वॉकर आधीच आणून घरात चालून पाहा. ऑपरेशननंतर गुंगीत आणि ठणक्यात नवीन काही शिकणं जड जातं.

दुसरी तयारी तपासण्यांची. ती शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका, कारण यातल्या काही गोष्टी सुधारायला वेळच लागतो. मधुमेह असेल तर गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी तपासणी करा. ती साडेसात-आठच्या वर असेल तर बरेच सर्जन ऑपरेशन पुढे ढकलतात, कारण साखर चढलेली असताना जंतुसंसर्गाचा धोका वाढतो आणि जखम हळू भरते. हिमोग्लोबिन कमी असेल तर कारण शोधून ते वाढवायला काही आठवडे हवेत. किडलेला दात, हिरडीतला पू, लघवीची जळजळ, पायाच्या बोटांमधल्या भेगा, पायावरची साधी खरचटलेली जखम यांतलं काहीही असेल तर आधी ते बरं करून घ्या. तंबाखू कोणत्याही रूपात असो, निदान चार आठवडे आधी सोडा. गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊन तीन महिने झाले नसतील तर तारीख ठरण्यापूर्वीच तसं सांगा.

औषधांची पूर्ण यादी लिहून भूलतज्ज्ञांना दाखवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या काही दिवस आधी थांबवाव्या लागतात, पण किती दिवस हे गोळीवर आणि हृदयाच्या आजारावर ठरतं, ते स्वतः ठरवू नका. मधुमेहाच्या गोळ्यांपैकी डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या जातीच्या गोळ्यांचा उल्लेख हटकून करा. त्या साधारण 3 दिवस आधी थांबवतात. उपाशीपोटी त्या चालू राहिल्या तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात घातक आम्ल साठू शकतं. आणखी एक, जे पुष्कळ जण हौसेनं करतात: पायाचे केस घरी वस्तऱ्यानं काढू नका. न दिसणाऱ्या बारीक चिरांमधून जंतूंना वाट मिळते. केस काढायचे असतील तर रुग्णालयात ऑपरेशनच्या तोंडावर मशीननं काढतात.

प्रश्न: सासूबाई घरी येण्याआधी घरात काय बदल करावेत?

पाहिली पाहिजे ती खुर्ची. टणक बैठक, दोन्ही बाजूंना हात, चाकं नाहीत आणि उंची एवढी की बसल्यावर गुडघे कमरेपेक्षा किंचित खाली राहतील. खोल सोफ्यातून पहिले काही आठवडे उठताच येत नाही. कमोड बसका असेल तर वर बसवायची उंच बैठक मिळते. न्हाणीघरात न घसरणारी चटई, बसायला स्टूल आणि भिंतीत पक्का बसवलेला दांडा हवा; टॉवेल अडकवायच्या दांडीवर माणसाचा भार पेलत नाही. चालण्याच्या वाटेवरची पायपुसणी, वायरी आणि सुटे गालिचे उचलून टाका. वॉकरला एक पिशवी बांधा, म्हणजे फोन आणि पाण्याची बाटली हातात धरून चालण्याचा मोह होणार नाही. रात्रीचा मंद दिवा विसरू नका, कारण पडण्याचे प्रसंग बहुधा रात्री लघवीला उठताना येतात.

जिने असतील तर नियम एकच: चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा. काठी किंवा कुबडी नेहमी ऑपरेशनच्या पायाबरोबर हलते. मदतनीसानं चढताना मागे, उतरताना पुढे, एक पायरी खाली उभं राहावं.

प्रश्न: आईच्या ऑपरेशनला पाच दिवस झाले. गुडघ्याखाली उशी ठेवली की तिला बरं वाटतं आणि झोपही लागते. फिजिओथेरपिस्ट मात्र उशी काढायला सांगतात. पाय घोट्यापर्यंत काळानिळा झाला आहे, तेही पाहवत नाही. तिला थोडा आराम मिळू दिला तर काय बिघडतं?

तुमची तगमग आम्हाला समजते, पण उशी काढाच. या सदरातलं एकच उत्तर लक्षात राहणार असेल तर ते हे राहावं.

सूज आलेल्या सांध्यात द्रव साठलेला असतो. गुडघा थोडासा वाकलेला असताना सांध्याच्या आवरणात सर्वांत जास्त जागा असते, ताण उतरतो, म्हणून त्या स्थितीत बरं वाटतं. पण तासन्‌तास पाय तसाच राहिला की सांध्यामागचं आवरण आणि मांडीमागचे स्नायू त्याच लांबीला आखडतात. मग पाय शेवटचे पाच-दहा अंश सरळ होत नाही. सरळ गुडघ्यावर उभं राहायला स्नायूंना फार कष्ट पडत नाहीत; वाकलेल्या गुडघ्यावर उभं राहिलं की मांडीचा स्नायू क्षणभरही सुटत नाही. माणूस लवकर थकतो, लचकत चालतो आणि पुढे कंबर व दुसरा गुडघा दुखू लागतो. घरची मंडळी गुडघा किती वाकला हे रोज विचारतात. तो किती सरळ झाला हे फार कमी जण विचारतात. वाकणं पुढच्या दोन-तीन महिन्यांतही वाढत राहतं. सरळ होण्यातली तूट पहिल्या काही आठवड्यांत भरून काढली नाही तर नंतर फार जड जाते.

उशी ठेवायचीच असेल तर पोटरी आणि टाच यांच्याखाली लांबीनं ठेवा. पूर्ण पाय छातीपेक्षा उंच राहील आणि गुडघा सरळ असेल, अशी. दिवसातून चार-पाच वेळा नुसत्या घोट्याखाली टॉवेलची जाड गुंडाळी ठेवून गुडघा अधांतरी सोडा. सुरुवातीला पाच मिनिटंही कठीण जातील, हळूहळू दहा-पंधरापर्यंत न्या. मधुमेह असेल तर टाचेवर लाली आली नाही ना, ते प्रत्येक वेळी पाहा. प्रगती मोजायला पाय पलंगावर लांब ठेवून गुडघ्याखालून हात सरकवून बघा. आज तळहात सहज जात असेल, काही दिवसांनी फक्त बोटं गेली पाहिजेत.

झोप न लागण्याचं कारण बहुतेक वेळा दुखणं असतं, म्हणून वेदनाशामकांच्या वेळा पाळा. कळ असह्य झाल्यावर गोळी घेतली तर ती आटोक्यात यायला फार वेळ जातो. व्यायामाआधी अर्धा-पाऊण तास गोळी पोटात गेलेली असावी. पॅरासिटामॉल सर्दीच्या गोळ्यांतही असतं. दिवसभराची बेरीज डॉक्टरांनी दिलेल्या मर्यादेत ठेवा आणि ती 4 ग्रॅमच्या वर कधीच जाऊ देऊ नका. तीव्र वेदनाशामकांनी बद्धकोष्ठ होतं, त्यामुळे पाणी आणि पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून हवं. बर्फ कापडात गुंडाळून 15 ते 20 मिनिटं, व्यायामानंतर तर नक्कीच. ऑपरेशनच्या पट्टीखालची त्वचा बधिर असते, बर्फ थेट लावला तर भाजल्यासारखी इजा होते आणि ती कळतही नाही.

काळानिळा रंग बहुतेकदा साकळलेल्या रक्ताचा असतो. ते गुरुत्वाकर्षणानं खाली घोट्याकडे उतरतं आणि दोन-तीन आठवड्यांत पिवळं पडून जिरतं.

प्रश्न: सात आठवडे झाले, गुडघा 80 अंशांपलीकडे वाकत नाही. व्यायाम घेणारे जोर लावून दाबतात, मी ओरडतो, संध्याकाळी गुडघा टम्म फुगतो. ओळखीच्या एका गृहस्थांचा महिन्याभरात 120 अंश वाकला. माझं कुठे चुकतंय?

आधी तुलना सोडा. ऑपरेशनपूर्वी गुडघा किती वाकत होता, यावर नंतरचं वाकणं बरंच अवलंबून असतं. आधी 90 वर अडकलेला गुडघा 120 वर जाईलच असं नाही.

पण 80 वर थांबून चालणार नाही. सपाट जागी चालायला 65-70 अंश पुरतात, जिन्याला 85-90 च्या आसपास लागतात आणि खुर्चीतून हाताच्या आधाराविना उठायला त्याहून थोडे जास्त.

जोर लावून दाबण्याबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: संध्याकाळी गुडघा फुगत असेल तर ती मात्रा चुकीची आहे. सूज वाढली की मांडीचा स्नायू आपोआप ढिला पडतो, सांध्यात जागा उरत नाही आणि दुसऱ्या दिवशी वाकणं कमी होतं. मग आणखी जोर लावला जातो. हे चक्र तोडण्यासाठी व्यायाम लहान आणि वारंवार करा. खुर्चीवर बसा, पाऊल जमिनीवर रोवा, शक्य तेवढं मागे घ्या. आता पाऊल न हलवता कंबर खुर्चीत पुढे सरकवा. ताण सहन होईल तिथे 20-30 सेकंद थांबा, श्वास सोडा, किंचित आणखी पुढे जा. पाच वेळा पुरे, पण दिवसातून सहा-सात वेळा. सूज उतरेपर्यंत चालण्याची अंतरंही कमी करा. दोन किलोमीटर चालून आल्यावर गुडघा वाकणार नाहीच.

याच आठवड्यात सर्जनना भेटा. तीन महिन्यांची वाट पाहू नका. गुडघा 90 च्या खाली अडकला असेल तर भूल देऊन तो हलकेच वाकवून आतले पापुद्रे मोकळे करतात. हा उपाय साधारण पहिल्या 12 आठवड्यांत जास्त लागू पडतो, कारण पुढे ते ऊतक घट्ट होतं. भेटीत संसर्ग किंवा सांध्याच्या मापाची अडचण तर नाही ना, हेही पाहिलं जाईल.

प्रश्न: दहाव्या दिवशी ड्रेसिंग ओलं दिसलं. घरात प्रतिजैविकाच्या गोळ्या शिल्लक आहेत. त्या सुरू करून टाके काढायच्या तारखेपर्यंत थांबू का?

गोळी घेऊ नका आणि थांबूही नका. सर्जनना आजच फोन करा. पहिल्या दोन-तीन दिवसांत पट्टीवर डाग येणं वेगळं आणि आठवडा उलटल्यावर जखम पाझरणं वेगळं. धातू आणि प्लास्टिकवर जंतू काही दिवसांतच चिकट थर करून बसतात, त्यात गोळ्यांचं औषध नीट पोचत नाही. वेळेत कळलं तर सांधा उघडून धुऊन, मधला प्लास्टिकचा तुकडा बदलून बाकीचा सांधा वाचवता येतो. उशीर झाला तर सगळंच काढावं लागू शकतं. घरची गोळी आधी घेतली की तपासणीत जंतू सापडत नाहीत आणि नेमकं औषध निवडता येत नाही.

लाली पसरणं, 101 च्या वर ताप किंवा कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढणं, यांसाठीही हेच. पोटरीत नवी कळ आणि सूज आली तर रक्ताच्या गुठळीची शंका घेऊन त्याच दिवशी तपासून घ्या. अचानक धाप लागली, छातीत दुखलं किंवा खोकल्यातून रक्त पडलं तर थेट रुग्णवाहिका बोलवा. गुठळी होऊ नये म्हणून दिलेली गोळी किंवा इंजेक्शन बरं वाटतंय म्हणून मध्येच सोडू नका.

प्रश्न: तीन महिने झाले. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बधिर वाटतं, चालताना टक् असा आवाज येतो आणि गुडघा हाताला गरम लागतो. सांधा ढिला झाला का?

एवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. छेद घेताना त्वचेची एक बारीक नस कापली जाते, म्हणून बाहेरच्या बाजूला बधिरपणा येतो. तो भाग कालांतरानं आक्रसतो, काही जणांत थोडा कायम राहतो. टक् आवाज धातू आणि प्लास्टिक एकमेकांना टेकल्याचा. उबदारपणा आणि संध्याकाळची सूज सहा महिन्यांपर्यंत, कधी त्याहूनही जास्त राहते. आवाजाबरोबर गुडघा लटपटत असेल किंवा कळ येत असेल तर मात्र दाखवा.

प्रश्न: गाडी कधी चालवू? गुडघे टेकता येतील का?

उजवा गुडघा असेल तर साधारण सहा आठवड्यांनी, तेही गुंगी आणणारी औषधं बंद झाल्यावर आणि अचानक ब्रेक जोरात दाबता येतो हे उभ्या गाडीत तपासल्यावर. डावा गुडघा आणि क्लच नसलेली गाडी असेल तर सर्जन आधीही परवानगी देतात. गुडघे टेकल्यानं सांध्याला सहसा इजा होत नाही, पण व्रणावर बोचतं. जखम पूर्ण भरल्यावर, सर्जनना विचारून, आधी पलंगाच्या गादीवर टेकून पाहा, मग जाड उशी घेऊन जमिनीवर. उठताना चांगला पाय पुढे रोवा आणि हाताशी भक्कम खुर्ची ठेवा.