वाचक विचारतात : किटबॅग घेऊन दक्षिण आफ्रिकेला

हौशी क्रिकेट क्लबांच्या परदेश दौऱ्यांविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रे दक्षिण आफ्रिकेविषयीच आली. त्यांतली निवडक पत्रे आणि त्यांची उत्तरे.

आमचा चाळिशीपुढच्यांचा क्लब आहे, सोळा जण. दिवाळीच्या सुट्टीत दहा रात्री जाणार आहोत. जोहान्सबर्ग, डर्बन, केपटाउन, क्रूगर अभयारण्य, व्हिक्टोरिया धबधबा आणि पाच सामने असा कार्यक्रम एजंटने आखून दिला आहे. झेपेल का?
— क्लबचे सचिव, ठाणे

कागदावर झेपतो. प्रत्यक्षात पाचातले दोन सामने प्रवास खाईल आणि एखादा पाऊस. जोहान्सबर्गहून डर्बन रस्त्याने साधारण ५७० किलोमीटर आहे, केपटाउन तर १,४००. विमानाने केपटाउन दोन तासांवर असले, तरी सोळा जणांच्या किटबॅगा चढवून-उतरवून मुक्कामी पोहोचेपर्यंत दिवस मावळतो. दहा रात्रींसाठी मुक्काम दोनच ठेवा आणि सामने चार. चाळिशीपुढची पोटरी लागोपाठ दोन दिवस साथ देत नाही, म्हणून दोन सामन्यांत एक दिवस मोकळा हवाच.

तिकडचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च, पण हवामान सगळीकडे सारखे नाही. जोहान्सबर्ग-प्रिटोरियाच्या पठारावर पाऊस उन्हाळ्यात पडतो, तोही बहुधा दुपारनंतर, विजांसह आणि कधी गारांसह. केपटाउनला पाऊस हिवाळ्यात, मे ते ऑगस्ट. तिथला उन्हाळा कोरडा असतो, पण आग्नेयेचा वारा असा सुटतो की बेल्स जागेवर राहत नाहीत. डर्बनचा दमटपणा मुंबई-ठाण्याच्या माणसाला नवा नाही. दिवाळीच्या सुमारास पठारावर वळवाचे दिवस सुरू झालेले असतात. तिथले सामने सकाळीच उरकायचे, हे ठरवून जा.

आमच्या मते पहिल्या पाच रात्री जोहान्सबर्ग किंवा प्रिटोरिया धरा. दोन्ही शहरे तासाभराच्या अंतरावर असल्याने एकाच हॉटेलातून दोन्हीकडचे सामने होतात. उरलेल्या पाच रात्री केपटाउन. उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी सामना ठेवू नका, नुसता नेटमध्ये सराव करा. क्रूगरऐवजी पिलान्सबर्गचे अभयारण्य पाहा. जोहान्सबर्गहून ते दोन-अडीच तासांवर आहे, सिंह-हत्ती-गेंडे तिथेही आहेत आणि तिथे मलेरिया नाही. क्रूगर चारशेहून अधिक किलोमीटर दूर, म्हणजे जाऊन-येऊन दोन दिवस गेले.

व्हिक्टोरिया धबधबा या वेळी सोडा. तो झिंबाब्वे-झांबियाच्या सीमेवर आहे, म्हणजे वेगळा व्हिसा. शिवाय दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर धबधबा पाहून परत आत येता येत नाही. हीच अडचण डर्बनकडून लेसोथोतल्या सानी खिंडीची एक दिवसाची सहल करणाऱ्यांना येते. सहल स्थानिक वाटते, पण वाटेत देशाची हद्द ओलांडावी लागते. असा काही बेत असेल तर अर्जातच अनेक प्रवेशांचा व्हिसा मागा. पासपोर्टमध्ये दोन कोरी पाने आहेत ना, हेही प्रत्येकाचे तपासा.

तिकडच्या क्लबांशी सामने ठरवायचे कसे? ओळख कुणाचीच नाही.
— कर्णधार, पुणे

ओळख लागत नाही, नेमके पत्र लागते. प्रत्येक प्रांताची क्रिकेट संघटना आहे आणि तिच्याकडे संलग्न क्लबांची यादी असते. तिथून क्लबच्या सचिवाला सहा ते आठ महिने आधी लिहा. पत्रात इतके यायला हवे : खेळाडूंचे सरासरी वय, तुम्ही कुठल्या दर्जाची स्पर्धा खेळता, किती षटकांचा सामना हवा, टर्फ म्हणजे मातीची नैसर्गिक खेळपट्टी हवी की कृत्रिम चालेल, गुणलेखक सोबत आणणार का, आणि सोयीच्या दोन तारखा.

दर्जाबाबत फुशारकी नको. ‘आमचा संघ बलवान आहे’ असे लिहिलेत, की समोर लीगचा पहिला संघ उभा राहतो आणि तासाभरात खेळ आटोपतो. ‘आमच्यात दोन चांगले गोलंदाज, बाकी हौशी’ असे लिहिलेत तर तेही तसाच संघ उतरवतात. तीस किंवा चाळीस धावांवर फलंदाजाने निवृत्त व्हायचे, हा नियम आधीच ठरवून घ्या. सगळ्यांना बॅट मिळते.

तारखांची खरी मेख वेगळीच आहे. शनिवार त्यांच्या लीगचा आणि पुष्कळ ठिकाणी रविवारही. पाहुण्यांना मिळतो तो बहुधा आठवड्यातला मधला दिवस, आणि त्या दिवशी यजमानांची मंडळी कामावर असते. यावर उपाय म्हणजे संध्याकाळचा वीस षटकांचा सामना. केपटाउनला डिसेंबर-जानेवारीत सूर्य आठच्या सुमारास मावळतो, त्यामुळे पाचला सुरू झालेला सामना दिव्यांशिवाय संपतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मात्र साडेचारलाच नाणेफेक उरकून मैदानात उतरा. जोहान्सबर्ग आणि डर्बनला अंधार लवकर पडतो, तिथे हा हिशेब चालत नाही. १५ डिसेंबर ते जानेवारीचा पहिला आठवडा तर विचारूच नका. सगळा देश सुट्टीवर समुद्रकिनारी असतो, क्लबांना कुलूप आणि हॉटेलांचे दर गगनाला.

मैदानाचे भाडे, पंचांचे मानधन, चेंडू आणि जेवण यांतले कोण काय देणार, हे लेखी ठरवा. सामन्यानंतर देण्यासाठी क्लबची टोपी किंवा छोटी ढाल न्या. ती त्यांच्या भिंतीवर लागते.

खेळपट्ट्या उसळत्या असतात असे ऐकतो. बॅट, बूट, चेंडू यांत काय बदल करावा?
— नाशिक

उसळी खरी आहे, विशेषतः पठारावर. आपल्याकडे चेंडू खाली राहतो म्हणून पात्याचा फुगवटा खाली, टोकाकडे असलेल्या बॅटी खपतात. त्याच बॅटने तिकडे खेळलात तर मांडीच्या उंचीला आलेला चेंडू पात्याच्या वरच्या, पातळ भागावर बसतो. हात झिणझिणतो आणि चेंडू पॉइंटच्या हातात जातो. फुगवटा मध्यावर असलेली एक बॅट जवळ हवी. नवी घेणार असाल तर जुन्या चेंडूने नीट ठोकून तयार करूनच न्या. हेल्मेटला मागचा मानरक्षक, शिवाय छातीचा गार्ड आणि कोपराचा गार्ड, हे एरवी बॅगेत तळाला पडून राहणारे सामान तिकडे वापरात येते. पहिली दहा षटके पुढच्या पायावर झेप घेऊन ड्राइव्ह मारायचा मोह आवरा. तिथे धावा कट आणि पुलने होतात.

जोहान्सबर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे १,७५० मीटर उंच आहे. हवा साधारण एक षष्ठांशाने विरळ, म्हणून उंच मारलेला चेंडू अपेक्षेपेक्षा लांब जातो. सीमारेषेवरच्या क्षेत्ररक्षकाला दोरीला पाठ टेकवूनच उभे करा, पुढे येऊन झेल घेणे सोपे पडते. याच कारणाने चेंडू हवेत वळतो कमी. स्विंगवर जगणाऱ्या गोलंदाजाने तिथे टप्प्यावर लक्ष द्यावे. पहिले दोन-तीन दिवस दमही लागतो. वेगवान गोलंदाजाला चार षटकांचे दोन स्पेल पुरेत.

चेंडू बहुतेक ठिकाणी कूकाबुरा कंपनीचा. आपल्याकडच्या एसजी कंपनीच्या चेंडूवर शिवणीच्या सहाही ओळी हाताने शिवलेल्या असतात आणि शिवण टिकते. कूकाबुरात मधल्या दोनच हाताने, बाकीच्या यंत्राने, त्यामुळे शिवण लवकर दबते. पंधराव्या षटकानंतर शिवणीच्या जोरावर काही होईल ही आशा सोडा. घरी सरावाला चार-सहा कूकाबुरा मिळवून फिरकीवाल्यांच्या हाती द्या, पकड बदलावी लागते.

टर्फवर धातूचे खिळे असलेले बूट लागतात, कृत्रिम खेळपट्टीवर ते चालत नाहीत. नामिबियात जाणार असाल तर आधी विचारा, तिथे कृत्रिम खेळपट्ट्या पुष्कळ आहेत. गोलंदाजांनी दोन्ही जोड न्यावेत, बाकीच्यांना रबरी तळ पुरतो.

वीज चमकली की सामना थांबवायचा कधी?
— पंच, नागपूर

वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा. तीसपेक्षा कमी भरले, म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. खेळ थांबवा आणि शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण अर्धा तास आत राहा. ‘दोन षटकंच उरलीत’ हा युक्तिवाद ऐकू नका. निवारा म्हणजे पक्के क्लबहाउस किंवा खिडक्या बंद केलेली बस. झाडाखाली, धावफलकाच्या पत्र्याच्या खोपटात किंवा साइटस्क्रीनच्या आडोशाला थांबू नका. पठारावर सामना सकाळी नऊला सुरू करून पस्तीस षटकांचा ठेवलात तर वादळाआधी संपण्याची शक्यता चांगली.

किटचे वजन कसे बसवायचे?
— म्हापसा, गोवा

एका फलंदाजाचे पूर्ण सामान बॅगेसकट तेरा-चौदा किलो होते आणि त्यातली चार किलो नुसती चाकांची बॅग असते. साधी कापडी बॅग वापरली की अडीच किलो वाचते. सोळा जणांनी सोळा पॅडजोड्या नेण्याचे कारण नाही. फलंदाजी दोघेच करतात, तिसरा-चौथा बांधून बसतो. उजव्यांसाठी पाच, डावखुऱ्यांसाठी एक आणि यष्टिरक्षकाचे वेगळे, एवढे पुष्कळ झाले. ग्लोव्हज, हेल्मेट आणि गार्ड मात्र ज्याचे त्याने.

बॅट केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, ती खालच्या सामानातच टाका. तिचे टोक टॉवेलात गुंडाळा. एका नगाचे वजन ३२ किलोपेक्षा जास्त असेल तर कर्मचारी तो उचलत नाहीत, म्हणून सगळ्या बॅटी एकाच पेटीत कोंबू नका. आतल्या विमान प्रवासाची वजनमर्यादा आंतरराष्ट्रीय तिकिटापेक्षा कमी असू शकते. दोन्ही तिकिटे एकाच आरक्षणात असली की हा घोटाळा सहसा होत नाही. पांढरे कपडे आणि खेळायचे बूट निम्म्या संघाने हातातल्या बॅगेत ठेवावेत. बॅगा मागे राहिल्या तर यजमान पॅड देतात, पण बारा नंबरचा बूट कुणाकडे मिळणार?

लस, मलेरियाच्या गोळ्या, विमा : नेमके काय लागते?
— कोल्हापूर

भारतातून थेट किंवा आखाती देशांमार्गे गेलात तर पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लशीचा दाखला लागत नाही. आदिस अबाबा किंवा नैरोबीला थांबा बारा तासांहून जास्त असेल, किंवा तिथे विमानतळाबाहेर पडणार असाल, तर दक्षिण आफ्रिकेत तो मागतात. दाखला लशीनंतर दहा दिवसांनी ग्राह्य होतो. ही लस ठरावीक अधिकृत केंद्रांवरच मिळते आणि साठीपुढच्यांनी पहिला डोस डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

जोहान्सबर्ग, केपटाउन, डर्बन इथे मलेरिया नाही. क्रूगर आणि व्हिक्टोरिया धबधब्याकडे आहे. डॉक्टर डॉक्सिसायक्लिन लिहून देत असतील तर दिवसभर उन्हात क्षेत्ररक्षण करायचे आहे हे त्यांना सांगा. या औषधाने त्वचा उन्हाला हळवी होते आणि ते परतल्यावर चार आठवडे घ्यावे लागते. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल महाग पडते, पण परतल्यावर सातच दिवस.

चेंडू सीमेबाहेर गवतात गेला तर हात घालू नका, बॅटने गवत बाजूला करा. तिथे सापही असतात आणि गोचिडीही. संध्याकाळी आंघोळीच्या वेळी काखा, जांघा आणि गुडघ्यामागचा भाग तपासा. काही दिवसांनी ताप, डोकेदुखी आणि चाव्याच्या जागी काळी खपली दिसली तर तो गोचीडताप असू शकतो. घरी परतल्यावर ताप आला तरी डॉक्टरांना प्रवासाचे सांगा.

विम्यात ‘संघटित खेळ’ वगळलेले असणे ही नेहमीची गोम. पॉलिसीत हौशी क्रिकेट सामन्यातली दुखापत धरली आहे, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या. खासगी रुग्णालये दाखल करण्यापूर्वी पैशांची हमी मागतात. मोबाइलवरून आणीबाणीचा क्रमांक ११२, सरकारी रुग्णवाहिकेचा १०१७७.

मिनीबस स्वतः चालवावी का?
— वसई

वाहतूक डावीकडूनच आहे आणि रस्ते उत्तम, तरी सोळा जण आणि किट म्हटल्यावर चालकासह गाडी आणि मागे सामानाचा ट्रेलर घ्या. इतक्या प्रवाशांच्या गाडीला चालकाचा वेगळा परवाना लागतो. शिवाय यजमान संध्याकाळी बिअर पाजल्याशिवाय सोडत नाहीत. शहराबाहेर रात्रीचा प्रवास टाळा, रस्त्यावर गुरे आणि पायी चालणारी माणसे असतात. सिग्नलला तिकडे ‘रोबॉट’ म्हणतात, पत्ता विचारताना गोंधळू नका. सिग्नलला थांबल्यावर मांडीवर फोन नको, काच फोडून नेतात.

संघात सहा जण शाकाहारी आहेत.
— डोंबिवली

सामन्यानंतर ‘ब्राय’ असतो, म्हणजे निखाऱ्यावर मांस भाजायचा कार्यक्रम. नुसते ‘शाकाहारी’ न लिहिता ‘मांस, चिकन, मासे, अंडी नाही’ असे लिहा आणि वेगळी जाळी मागा. मक्याच्या पिठाची ‘पाप’ नावाची घट्ट लापशी, त्यावर चकलाका नावाची तिखटसर भाजी, मक्याची कणसे, चीज-टोमॅटो-कांदा घालून निखाऱ्यावर भाजलेले सँडविच, एवढ्यावर पोट भरते. चकलाकात मांस घातलेले नाही ना, तेवढे विचारा. डर्बनला चिंताच नाही. १८६० पासून तिथे भारतीय वस्ती आहे, पावाच्या पोकळीत घेवड्याची उसळ भरलेला ‘बीन्स बनी’ कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो. केपटाउनला रत्नागिरीकडून गेलेल्या कोकणी मुसलमानांची जुनी घरे आहेत. मासे खाणाऱ्यांनी तिथे चौकशी करावी.

चार्जरसाठी वेगळा प्लग लागतो का?
— सांगली

आपल्याकडचा गिझर-एसीचा मोठा तीन पिनांचा प्लग तिकडच्या जुन्या सॉकेटला बसतो. मोठ्या पिनेचा एक एक्स्टेंशन बोर्ड नेला की एका खोलीचे काम भागते. झिंबाब्वेत चौकोनी पिना, तिथे अ‍ॅडॉप्टर हवा.

२०२७ चा विश्वचषक पाहायला जाताना दौराही जोडावा का?
— एक मराठी क्लब, दुबई

ही स्पर्धा ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२७ मध्ये दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे आणि नामिबियात आहे. २०२७ ची दिवाळीही ऑक्टोबरअखेर येते, त्यामुळे भारतातूनही गर्दी उसळणार. यजमान शहरांत मैदाने सरावासाठी अडकतील आणि खोल्या महाग होतील. जोडायचाच असेल तर मुक्काम केपटाउनपासून तासाभरावरच्या स्टेलनबॉशला ठेवा. केपटाउनचे न्यूलँड्स आणि जवळच्या पार्लचे मैदान, स्पर्धेची ही दोन मैदाने तिथून आवाक्यात आहेत. सामन्यांच्या तारखा क्लबांकडून पक्क्या झाल्याशिवाय तिकिटे काढू नका, आणि स्पर्धेचा सामना असलेल्या दिवशी आपला सामना ठेवू नका. त्या दिवशी यजमानांचे अकरा जणही जमणार नाहीत.