फझ पेडल: नवं हप्त्यावर की जुनं रोखीत?

ऐरोलीच्या एका 27 वर्षांच्या वाचकाचा प्रश्न आहे. हातात येणारा पगार 46 हजार. भाडं आणि खाणंपिणं 21 हजार, बाइकचा हप्ता 4,200, गावी पाठवतात 8 हजार, एसआयपी 3 हजार. अडीअडचणीला एफडीत 55 हजार. बँडमध्ये बेस (खर्जातली गिटार) वाजवतात, अधूनमधून साधी गिटारही. दोन्हींवर चालेल असं एक फझ पेडल, म्हणजे वाद्याचा आवाज मुद्दाम फाटका, घोगरा करणारं पायाने दाबायचं यंत्र, घ्यायचंय. नवं 24 हजारांना, क्रेडिट कार्डावर सहा महिन्यांच्या 'नो-कॉस्ट' ईएमआयने. किंवा ठाण्यातला एक गिटारवाला तेच मॉडेल, दोन वर्षं वापरलेलं, 15 हजार रोखीत द्यायला तयार आहे. शेवटी विचारलंय, "ही गुंतवणूकच झाली ना?"

नाही झाली. तुम्हीच लिहिलंय की पैसे मिळतात ते गणपती-नवरात्रीच्या ऑर्केस्ट्रात. दांडियाच्या स्टेजवर बेसला फझ लावलात तर आयोजक पुढच्या वर्षी दुसरा बेसवाला बघेल. फझ लागणार तुमच्या स्वतःच्या बँडला, आणि त्याची मिळकत रिहर्सल रूमच्या भाड्यातच जिरते. म्हणजे हा शौक आहे. शौकाला माझी अजिबात ना नाही, पण तो वरकमाईतून व्हावा.

ईएमआयचं म्हणाल, तर 'नो-कॉस्ट'मध्येही व्याज असतंच. तेवढी सूट विक्रेता किमतीत देतो. व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी मात्र तुमच्या माथी. 24 हजारांवर हे सगळं साधारण चारेकशे रुपये होतं. त्याने कुणी बुडत नाही. मला खटकतंय ते वेगळं. तुमचा अटळ खर्च महिन्याला 33,200 आहे, म्हणजे तीन महिन्यांची सोय करायची तर लाखभर रुपये हवेत. आहेत 55 हजार. महिन्याला उरतात 9,800, त्यातले 4 हजार हप्त्यात अडकवून एफडी वाढणार कधी? त्यात एखाद्या महिन्यात कार्डाचं पूर्ण बिल भरता आलं नाही, तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात व्याज लागतं, तेही नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून.

म्हणून माझं मत जुन्याच्या बाजूने. नव्याचे 9 हजार पहिल्या मालकाने सोसलेत. उद्या तुमचं मन भरलं, तरी 12-13 हजारांना ते पुन्हा विकता येईल असं धरायला हरकत नाही.

फक्त बघून घ्या, आणि स्वतःचा बेस घेऊन जा. ओळखीच्या एका साऊंडवाल्याला मी मुद्दाम विचारलं. त्याचं म्हणणं: फझ सिग्नल इतका कापतो की लाट जवळपास चौकोनी होते, आणि त्यात बेसचा तळ, म्हणजे खर्जातला आवाज, हरवतो. त्यामुळे मूळ आवाज मिसळणारा 'ब्लेंड' नॉब असेल तरच ते पेडल दोन्ही वाद्यांचं. सर्वात जाड तार मोकळी छेडा, ब्लेंड हळूहळू फिरवा. तळ परत येतो का ते ऐका. नॉब फिरवताना खरखर, जॅक (वायर खुपसायची जागा) हलवल्यावर आवाज तुटणं, फुटस्विच दोनदा दाबावा लागणं, यातलं काही आढळलं तर भाव पाडा. आत जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर (सिग्नल वाढवणारे सुटे भाग) आहेत की सिलिकॉनचे, हेही विचारा. जर्मेनियमवाल्यांचा आवाज उन्हातान्हात बदलतो (आपल्या मे महिन्यात तर विचारू नका), आणि त्यातल्या काही पेडलांना बाकीच्यांबरोबर एकाच अॅडॉप्टरवर जोडता येत नाही. वेगळा अॅडॉप्टर म्हणजे वेगळा खर्च. सिलिकॉनवाल्यांना ही कटकट सहसा नसते.

पैसे कुठून? नवरात्रीचे 18 हजार ठरलेत म्हणता. त्यातून 15 पेडलला, उरलेल्या 3 हजारांत पॅच केबल (पेडलं एकमेकांना जोडणारी छोटी वायर) आणि लागलाच तर अॅडॉप्टर. पण आयोजकाकडचे अर्धे पैसे दिवाळीनंतरच सुटतात, हे तुम्हाला मी काय सांगणार! तेव्हा ठाणेकरांना आत्ता 2 हजार टोकन द्या, बाकीचे मानधन खात्यात पडल्यावर. तोवर थांबायला ते तयार नसतील तर सोडून द्या; शौक आवरलेल्यांची पेडलं विकायला येतच असतात. एफडी मोडायची नाही आणि एसआयपी थांबवायची नाही.

पगारातून उरणाऱ्या 9,800 पैकी 7 हजारांची आरडी या महिन्यापासूनच लावा. सात महिन्यांत ती आणि एफडी मिळून लाखापार जाल. त्यानंतर गिटारसाठी दुसरं पेडल हवंसं वाटलं, तर पुन्हा लिहा.