बैलाच्या पुठ्ठ्यात बैलाचं तोंड

प्रश्न : ताई, नमस्कार. माझ्या आतेभावानं मुंबईहून मले प्लास्टिकचा होल्गा कॅमेरा आणून देला. पोळ्याले तोरणाखाली बैल उभे होते, अख्खा रोल तिथंच संपवला. धुवून आला तं सगळं एकात एक घुसलेलं, एका बैलाच्या पुठ्ठ्यात दुसऱ्याचं तोंड, वरून कडेनं लाल पट्टे, अन् काही फोटो तं नुसते काळपट. घरचे हसून राहिले. कॅमेरा खराब आहे का मीच?
– एक वाचक, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : दोघंही नाही रे भाऊ. आधी मला सांग, रोलवर १२ च्या जागी १६ फोटो निघाले का? निघाले असतील तर चोर सापडला. कॅमेरा पालथा कर, मागच्या लाल खिडकीपाशी एक छोटी सरकपट्टी आहे, तिथं एक बाण असतो अन् १२ आणि १६ लिहिलेलं असतं. आत चौकट ६ बाय ६ सेंटीमीटरची आणि बाण १६ वर असला की फिल्म पाऊण फोटोइतकीच सरकते अन् पुढचा आकडा खिडकीत हजर, कारण ते आकडे साडेचार सेंटीमीटरच्या छोट्या फोटोंसाठी छापलेले असतात. बाण १२ वर घे, बैल आपापल्या जागी जातील.

लाल पट्टे म्हणजे उजेड शिरला. या कॅमेऱ्याचं मागचं झाकण दोन बाजूच्या पत्र्याच्या क्लिपांवर टिकलेलं असतं आणि गळ्यात अडकवायचा पट्टाही त्याच क्लिपांना अडकवलेला, म्हणजे गळ्यात घालून गर्दीत फिरलास की क्लिप वर सरकते. इलेक्ट्रिकवाल्याकडची काळी टेप घे, रोल भरला की झाकणाच्या चारी शिवणींवर लाव. दुसरं म्हणजे आतला रोल सैल गुंडाळला जातो अन् कडा उजेड खातात, त्यासाठी फिल्मच्या खोक्याचा पुठ्ठा दुमडून रीळाखाली दाबून बसव. रोल सावलीतच भरायचा आणि सावलीतच काढायचा, आपल्याकडचं ऊन काही मुंबईचं नाही. आता काही लोक म्हणतील की लाल पट्टे हीच तर मजा, या कॅमेऱ्याची लोकांना हौस आहे ती त्यासाठीच. असेल बाप्पा, पण तो पट्टा आजीच्या तोंडावरून गेला की मजा संपते. आधी टेप लावून शिक, मग हौस म्हणून काढ.

काळपट फोटोंचं कारण पोळ्याचं आभाळ. श्रावणातली अमावास्या, वर ढग, आणि तुझ्याकडे बहुतेक १०० ची फिल्म, आकडा जितका छोटा तितका फिल्मला उजेड जास्त लागतो. होल्गाचं शटर सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागाचं, लेन्सचं तोंड बारीक, उन्हा-ढगाचं बटण आहे पण त्याच्या भरवशावर राहू नको. पावसाळ्यात ४०० टाक, १०० ठेव एप्रिल-मेसाठी. गंमत म्हणजे या कॅमेऱ्याचं नाव कँटोनीजमधल्या 'हो ग्वोंग' वरून आलंय, अर्थ 'खूप उजेड', १९८२ साली हाँगकाँगमध्ये निघाला, त्यांनी नाव ठेवताना वर्ध्याचा मे महिना पाहिला नसेल तरी शोभतं.

आणि हो, लेन्सचं झाकण! डोळा लावायची खिडकी वेगळी आहे, झाकण लागलेलं असलं तरी तिच्यातून सगळं छान दिसतं. चंद्रपूरच्या महाकालीच्या यात्रेत माझे पूर्ण १२ असेच गेले, घरी आले तेव्हा झाकण जागच्या जागी, अन् मी दिवसभर एक डोळा मिटून बसले होते. तेव्हापासून झाकण मी घरीच ठेवते.

रोल पाठवायला उशीर होणार असेल तर डब्यात घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेव. नवीन रोलही तिथंच, पण वापरायच्या तासभर आधी बाहेर काढ, नाहीतर त्यावर दव धरतं. ब्लॅक अँड व्हाईट घरी धुणार असशील तर २० डिग्रीचं पाणी लागतं आणि उन्हाळ्यात टाकीतलं तर हात पोळवतं, माठाचं पाणी घे, त्यात बर्फाचे दोन खडे, थर्मामीटर लावून पाह्य.

तो बैलात बैलवाला फोटो मात्र फेकू नको. पुढल्या तान्ह्या पोळ्याला पोरांच्या लाकडी बैलांवर तोच प्रकार मुद्दाम करून पाह्य, बाण १६ वर ठेवून.