सात जण, बॅगा आणि मानपूरचा घाट: अर्टिगा की कॅरेन्स?

प्रश्न: दादा नमस्कार, आम्ही इंदूरचे, घरात सात माणसं. आई-बाबा, आजी, आम्ही दोघं आणि दोन पोरं. रोज सुपर कॉरिडॉरला ऑफिसला मी एकटाच जातो, जाऊन-येऊन पंचवीस किलोमीटर, पण गणपतीत आणि मे महिन्यात सगळे मिळून पुण्याला. मारुतीची अर्टिगा सीएनजी जवळजवळ ठरलीच होती, तेवढ्यात भावोजी म्हणाले किआची कॅरेन्स डिझेल घ्या, सीएनजीला घाटात दम लागतो. बायको म्हणते आधी बॅगा कुठे ठेवणार ते सांगा. काय करू?
– एक वाचक, इंदूर

उत्तर: वहिनींनी बरोबर विचारलंय, तिथूनच सुरू करतो. सातही सीटा उभ्या असल्या की अर्टिगाची डिकी २०९ लिटर आणि कॅरेन्सची २१६, म्हणजे दोन छोट्या ट्रॉली बॅगा आणि वर एखादी कापडी पिशवी, बस. मागची रांग पाडली की अर्टिगात ५५० लिटर मिळतात पण मग तुम्ही पाचच जण बसणार. आणि सीएनजीत त्या २०९ लिटरमधेच सिलेंडर येऊन बसतो हो! सात माणसं, सीएनजी आणि सामान, तिन्ही एकत्र जमत नाही, मग टपावर कॅरिअर लावा, ताडपत्री बांधा, अ‍ॅव्हरेज घालवा.

आजींना मागच्या रांगेत अजिबात बसवू नका. तिथे गुडघे वर येतात, आत-बाहेर करताना वाकावं लागतं, ती जागा पोरांचीच. त्या बाबतीत कॅरेन्स बरी, काही मॉडेलांत मधली सीट बटण दाबलं की पुढे पडते आणि मागेही एसीची हवा जाते.

आता घाट. पुण्याला जाताना तुम्ही मानपूर आणि बिजासन दोन्ही घाट उतरता, म्हणून गाडी छान वाटते, खरी परीक्षा येताना, बॅगा जास्त झालेल्या, एसी चालू, माणसांचंच वजन चारशे किलोच्या घरात आणि पुढे ट्रकांची रांग. अर्टिगा सीएनजीवर ८८ पीएस ताकद आणि साधारण १२१ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, देते, पेट्रोलवर १०३ आणि साधारण १३७, तोही चार हजार आरपीएमच्या वर गेल्यावर, म्हणजे गिअर खाली टाकून इंजिन ओरडवावं लागतं. कॅरेन्सचं डिझेल २५० न्यूटन मीटर दीड हजारापासूनच देतं, १६० पीएसचं टर्बो पेट्रोल पण २५३ तिथूनच. ओव्हरटेक करताना हा फरक जाणवतो आणि भरल्या गाडीत ही सुरक्षिततेचीच गोष्ट आहे, भावोजी तेवढ्यापुरते बरोबर आहेत.

पण हिशोब करा. रोजचे पंचवीस आणि पुण्याच्या दोन फेऱ्या धरून वर्षाला दहा हजार किलोमीटरच्या आसपास होतात. एवढ्याशा रनिंगला सीएनजी किंवा डिझेलसाठी जास्त मोजलेले पैसे वसूल व्हायला खूप वर्षं लागतील. शिवाय बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या, डिझेलमधे डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, नुसत्या गर्दीतल्या छोट्या फेऱ्यांनी तो काजळीने भरतो, त्याला अधूनमधून देवास-उज्जैनसारखी मोकळ्या रस्त्याची धाव द्यावी लागते.

म्हणून माझं स्पष्ट मत, सीएनजी सोडा. बजेट पोचत असेल तर कॅरेन्स टर्बो पेट्रोल, शहरात पेट्रोल थोडं जास्त पिईल ते चालवून घ्या. ताण पडत असेल तर साधी अर्टिगा पेट्रोल, ती कॅरेन्सपेक्षा थोडी आखूड असल्याने राजवाड्याकडे पार्किंगला सोपी पडते. स्वस्तात रेनोची ट्रायबर आहे खरी, पण ९९९ सीसी, ७२ पीएस आणि सात जण बसल्यावर ८४ लिटर डिकी, तुमच्या कामाची नाही.

शोरूमची टेस्ट ड्राइव्ह म्हणजे एकट्याने रिंग रोडचा चक्कर, त्यावर ठरवू नका. दोन्ही गाड्या एकेक दिवस भाड्याने घ्या, सातही जण आणि पुण्याच्या बॅगा खरोखर भरून मानपूर उतरा आणि एसी चालू ठेवून परत वर या. आजींना मधल्या रांगेत बसवा, आणि डिकीचं दार लागतंय का ते वहिनींनाच बघू द्या.