जादा पगाराची वसुली, वर जामीनकीचं कर्ज: नादारी घेऊ का?

प्रश्न: नमस्कार. मी सरकारी खात्यातनं वरिष्ठ लिपिक म्हणून २०२१ ला रिटायर झालो, राहायला कसबा बावड्यात. मुलाचं शिरोली एमआयडीसीत जॉबवर्कचं छोटं युनिट होतं, त्याच्या एकट्याच्या नावावर. त्यासाठी पतसंस्थेकडनं घेतलेल्या १८ लाखांना मी जामीन राहिलो. युनिट बंद पडलं, हप्ते थांबले आणि संस्थेनं सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला काढून वसुली अधिकारी दारात पाठवला. त्यातच ट्रेझरीचं पत्र आलं की २००९ साली सहाव्या वेतन आयोगाची वेतननिश्चिती चुकली होती, नोकरीत ३ लाख ४० हजार जादा गेलेत, ते आता पेन्शनमधनं महिना १० हजारांनी कापणार. हातात पेन्शन येते २८ हजार. एक ओळखीचा म्हणतो कोर्टात नादारी, म्हणजे दिवाळखोरी, घेऊन टाका, सगळी देणी धुऊन निघतील, सरकारचं पण. आणि घर माझ्या नावावर आहे ते आधी सुनेच्या नावावर करा म्हणतो. काय करू? हायकोर्टाचं बेंच आता कोल्हापुरातच आलंय, तिथं जाता येईल का?
एक वाचक, कसबा बावडा

उत्तर: काका, सगळ्यात आधी एक सांगतो, घर सुनेच्या नावावर करू नका. नादारी घ्या नाहीतर नका घेऊ, हे करूच नका. मोबदला न घेता केलेलं बक्षीसपत्र असेल आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आत झालेल्या अर्जावर माणूस नादार ठरला तर कोर्ट ते रद्द करू शकतं, आणि ज्यांचं देणं आहे त्यांना फसवायला मालमत्ता लपवली असं सिद्ध झालं तर एक वर्षापर्यंत कैद आहे. आज तुम्ही फक्त अडचणीत आलेला जामीनदार आहात, त्या एका सहीनं तुम्ही लबाड ठराल आणि पुढं कुठल्याच कोर्टात तुमच्या शब्दाला वजन राहणार नाही.

आता नादारीचं. २०१६ चा नवा दिवाळखोरी कायदा आला खरा, पण त्यातला व्यक्तींचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना लागू झालाय. मुलाचं युनिट प्रायव्हेट लिमिटेड असतं तर तुम्ही त्यात आला असता. ते त्याच्या एकट्याच्या नावावर होतं, म्हणून तुम्हाला अजूनही १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच लागतो आणि अर्ज जिल्हा न्यायालयात करायचा, म्हणजे तुमच्या बावड्यातल्याच न्यायसंकुलात. कायदा एवढा जुना की त्यात ५०० रुपयांचं कर्ज असलं तरी अर्ज चालतो, आणि नादार माणसानं आपण नादार आहोत हे न सांगता ५० रुपये उसने घेतले तरी गुन्हा होतो.

त्याच कायद्याचं कलम ४४ तुमच्या ओळखीच्यानं वाचलेलं दिसत नाही. नादारीतनं शेवटी मोकळीक मिळते, कोर्ट डिस्चार्जचा हुकूम देतं, पण त्या हुकमानं सरकारचं देणं सुटत नाही. फसवणुकीनं झालेलं देणं सुटत नाही, पोटगी सुटत नाही, आणि यादीत पहिलंच नाव सरकारी देण्याचं आहे. उलट कलम ६१ म्हणतं की नादाराची मालमत्ता विकून पैसे आले की सरकारचं आणि स्थानिक संस्थांचं देणं आधी फेडायचं. म्हणजे तुम्ही अर्ज केलात तर घर रिसीव्हरकडं, म्हणजे मालमत्ता ताब्यात घ्यायला कोर्टानं नेमलेल्या माणसाकडं, जाणार, त्यातनं ट्रेझरी आधी पैसे घेणार आणि जे उरेल ते पतसंस्थेला. ज्या देण्यातनं सुटायला म्हणून तुम्ही निघालात तेच आधी तुमच्या घरातनं वसूल होणार, आणि पैसे कमी पडले तर उरलेलं तसंच अंगावर राहणार.

म्हणून मी म्हणतो ही ३ लाख ४० हजारांची वसुली हे देणं आहे असं मनात धरूच नका, ती अजून वादातली रक्कम आहे आणि तिच्याशी वेगळं लढायचं. सुप्रीम कोर्टाचा १८ डिसेंबर २०१४ चा पंजाब सरकार विरुद्ध रफीक मसीह हा निकाल वकिलाला दाखवा. त्यात जादा दिलेला पगार कधी वसूल करता येत नाही याची उदाहरणं दिलीत: कर्मचारी वर्ग ३ किंवा ४ चा असेल, तो रिटायर झालेला असेल किंवा वर्षभरात होणार असेल, जादा पैसे वसुलीच्या हुकमाआधी पाच वर्षांहून जास्त काळ दिले गेले असतील. तुम्ही या तिन्हीत बसता. २०२२ च्या थॉमस डॅनियल विरुद्ध केरळ सरकार या निकालातही हेच, की कर्मचाऱ्यानं काही खोटं सांगितलं नव्हतं, चूक खात्याची होती, तर रिटायर झाल्यावर त्याच्याकडनं पैसे मागू नका.

दोन अडचणी मात्र आहेत. २०१६ च्या जगदेव सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की जादा रक्कम निघाली तर परत करीन असं हमीपत्र वेतननिश्चितीच्या वेळी दिलं असेल तर वसुली होऊ शकते. तो अर्जदार न्यायिक अधिकारी होता, तुमच्यासारखा लिपिक नव्हता, आणि हा फरक वकिलानं ठासून मांडायचा, पण त्याआधी सर्व्हिस बुकाची नक्कल माहिती अधिकारात मागवा आणि २००९ च्या सुमाराचं असं हमीपत्र त्यात आहे का बघा, कारण त्या वेळी पुढ्यात आलेल्या फॉर्मवर कशाकशावर सह्या केल्या हे आता कुणालाच आठवत नाही. दुसरं म्हणजे जुनी वसुली थांबली तरी पुढची पेन्शन दुरुस्त होऊन थोडी कमी बसू शकते, ती तयारी ठेवा.

आणि महिना १० हजार हा आकडा कुणी ठरवला ते विचारा. महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम १९८२ मधला नियम १३४-अ सांगतो की वसुलीआधी पेन्शनरला म्हणणं मांडायची वाजवी संधी द्यायची, आणि हप्ते असे लावायचे की पेन्शन सरकारनं ठरवलेल्या किमान रकमेच्या खाली जाणार नाही. तुम्हाला नोटीस देऊन कुणी विचारलं होतं का? पत्रात फक्त कपातीचं लिहिलं असेल तर हा मुद्दा हरकतीत अगदी वर घ्या, आणि २८ हजारात घर कसं चालतं, औषधाला किती जातात, सगळं लिहा. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका.

हरकतीनं काम झालं नाही तर जायचं मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, आणि आपल्या जिल्ह्यासाठी ते मुंबईला. हुकमापासून साधारण एक वर्षाची मुदत असते, तेवढ्यात अर्ज करून कपातीला स्थगिती मागायची. कोल्हापूरचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून चालू झालंय ही आपल्या सहा जिल्ह्यांची केवढी मोठी सोय झाली, पण राज्य सरकारी कर्मचाऱ्याला आधी मॅटच करावं लागतं, तिथं हरलात तर मग बेंच. तुमच्या ओळखीत जिल्हा परिषदेतनं रिटायर झालेले आणि अशीच वसुली निघालेले कुणी असतील तर त्यांना सांगा, ते मॅटमध्ये येत नाहीत, ते थेट बेंचकडं जाऊ शकतात.

राहिली पतसंस्था. ज्याचं देणं आहे त्याला पेन्शन जप्त करता येत नाही, १८७१ च्या पेन्शन कायद्याचं कलम ११ आणि दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० दोन्ही तुमच्या बाजूनं आहेत. ग्रॅच्युइटीची एफडी केली असेल तर तीही वाचते, राधेश्याम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की पैसा बँकेत गेला म्हणून त्याचं पेन्शन-ग्रॅच्युइटीपण जात नाही. पेन्शनच्या खात्यात दुसरे पैसे मिसळू देऊ नका, आणि हे खातं पेन्शनचं आहे असं शाखेला आणि वसुली अधिकाऱ्याला लेखी कळवा. हप्ता कापून घ्या म्हणून तुम्हीच कुठं सही करून दिली असेल तर ती आजच लेखी मागं घ्या. तुरुंगाची भीती कुणी घातली तर घाबरू नका, देण्याची ऐपतच नाही अशा माणसाला नुसत्या गरिबीपायी आत टाकता येत नाही हे सुप्रीम कोर्टानं १९८० मध्येच सांगितलंय.

घराला मात्र असं कवच नाही, त्यावर बोजा चढू शकतो आणि लिलावही निघू शकतो. तुमची खरी लढाई तिथं आहे, म्हणून मुलाला बरोबर घेऊन संस्थेच्या ऑफिसात जा आणि एकरकमी परतफेडीचं बोला. युनिटची मशिनरी अजून आहे का, ती विकून किती येतील? कर्जदार मुलगा आहे, आधी त्याचं जे काही असेल ते पुढं येऊ दे. एवढं करूनही काहीच जमलं नाही तर मग नादारीचा विचार करू, आणि तेव्हा अर्जात ट्रेझरीची रक्कम लपवायची नाही, ती लिहायची आणि पुढं ‘वादग्रस्त, अमान्य’ असं स्पष्ट लिहायचं, कारण नुसती लिहिलीत तर ती तुम्ही मान्य केली असा अर्थ निघेल.

प्रश्न: वडील गेले, त्यांच्यावर सोसायटीचं आणि हातउसनं कर्ज होतं. आईला फॅमिली पेन्शन मिळते. आता बँक म्हणते जादा दराची पेन्शन मुदत संपल्यावरही चालू राहिली, फरक परत करा. सावकार म्हणतो पेन्शनमधनं माझे द्या. आई रडकुंडीला आलीय.
एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर: ताई, सावकाराचं आधी मिटवू. वडिलांचं कर्ज वारसांकडनं वसूल होतं ते वडिलांच्या मागं राहिलेल्या मालमत्तेपुरतंच, आणि फॅमिली पेन्शन ही त्यांची मालमत्ताच नाही, ती आईंचा स्वतःचा हक्क आहे, हे सुप्रीम कोर्टानं १९९१ च्या व्हायोलेट आयझॅक प्रकरणात सांगितलंय. त्याला एक रुपया पेन्शनमधनं देऊ नका.

बँकेचं असं आहे की फॅमिली पेन्शन सुरुवातीची काही वर्षं शेवटच्या पगाराच्या ५० टक्क्यांनी मिळते आणि मग ३० टक्क्यांवर येते, ती तारीख पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या हुकमावर, लिहिलेली असते आणि तिथं दर बदलायचं काम बँकेचं किंवा ट्रेझरीचं. आईंनी काही लपवलेलं नाही, त्यामुळं वर काकांना सांगितलेलं तत्त्व घेऊन तुम्हीही लेखी हरकत घ्या, महिन्यामहिन्याचा हिशेब मागा आणि बँकेला कुठल्या अधिकाऱ्यानं वसुली करायला सांगितलं त्या पत्राची प्रत मागा. तोवर ‘हप्त्यानं भरते’ अशा कुठल्याही कागदावर आईंची सही होऊ देऊ नका, बँकेत जाताना तुम्ही सोबत जा.