ड्रेसिंगला नको म्हणणाऱ्या बाई

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचलं. रोज ड्रेसिंगला नको म्हणणाऱ्या त्या बाईंबद्दल तू लिहिलं आहेस, ‘पेशंट अजिबात को-ऑपरेट करत नाही.’ हे वाक्य मीही कितीतरी वर्षं केसपेपरवर लिहिलं. आता लिहवत नाही. पेशंट नाही म्हणाला एवढीच नोंद त्यात होते. का नाही म्हणाला, आणि आपण त्याला ते विचारलं का, हे त्यात कुठेच येत नाही.

हृदय कमजोर झालेले एक आजोबा होते. वर्षभरात तिसऱ्यांदा ॲडमिट झाले होते. पाय सुजलेले, आडवं झालं की धाप लागायची. अंगात साठलेलं पाणी लघवीवाटे काढणारी गोळी ते चुकवायचे. मी रागवायचे, “आजोबा, गोळी वेळेवर घ्यायला काय होतं तुम्हाला?” ते मान खाली घालून म्हणायचे, “चुकलं, सिस्टर.” तिसऱ्या खेपेला माझी रात्रपाळी होती आणि वॉर्ड शांत होता. स्टूल ओढून त्यांच्या कॉटजवळ बसले आणि विचारलं, “गोळी घेतल्यावर नेमकं काय होतं?” ते बराच वेळ पायावरची चादर सारखी करत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, “दिवसाची दुसरी गोळी रात्री जेवल्यावर घेतो. मग चार-चारदा उठावं लागतं. एकदा अंधारात पडलो. एकदा अंथरूण ओलं झालं. सून काही बोलली नाही, पण मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.”

तोच प्रश्न मी आधीही विचारला होता, फक्त तेव्हा मला उत्तर नको होतं. सकाळच्या राउंडला डॉक्टरांना सांगितलं आणि त्यांनी दुसरी गोळी दुपारी दिली. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करायचं, वहीत लिहायचं आणि तीन दिवसांत दोन किलोंपेक्षा जास्त वाढलं, म्हणजे पुन्हा पाणी साठतंय असं वाटलं, तर लगेच कळवायचं, असं आजोबांशी बोलून ठरवलं. पुढच्या तपासणीला आले तेव्हा त्यांनी आधी ती वही माझ्यापुढे धरली. ते काम त्यांचंच होतं, वॉर्डात बसून मला ते कधीच जमलं नसतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालात म्हटलं आहे की विकसित देशांतही दीर्घकालीन आजारांचे साधारण निम्मेच रुग्ण सांगितल्याप्रमाणे उपचार घेतात. उरलेले सगळेच हट्टी असतील, हे मला पटत नाही. त्यातल्या अनेकांजवळ कुणी स्टूल ओढून बसलंच नसेल.

तू म्हणशील, एवढ्या पेशंटमध्ये बसायला वेळ कुठे आहे? खरं आहे. पण डिस्चार्जच्या वेळी तू सगळं सांगतेस आणि शेवटी “समजलं ना?” म्हणतेस. त्यावर सगळेच “हो” म्हणतात. त्याऐवजी म्हणून बघ, “मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी गेल्यावर मुलाला हे कसं सांगाल?” दोन मिनिटांत कळतं, काय पोचलं आणि काय राहिलं. ड्यूटी संपताना आपण पुढच्या सिस्टरला ओव्हर देतो, म्हणजे प्रत्येक पेशंटची माहिती सोपवतो, काही सुटू नये म्हणून जपतो. डिस्चार्जला ओव्हर घेणारा पेशंटच असतो, आणि त्याची ड्यूटी तर चोवीस तासांची.

एक गोष्ट सांगताना आजही मला वाईट वाटतं. एका बाईंना मी गोळी दिली. त्या म्हणाल्या, “रोज पांढरी असते, आज गुलाबी कशी?” मी घाईत होते. म्हणाले, “आम्हाला कळतं, घ्या तुम्ही.” त्यांनी गोळी तोंडात टाकली नाही, तळहातावर तशीच धरून बसल्या. परत येऊन पाहिलं तर ती शेजारच्या कॉटची गोळी होती. त्या दिवशी त्यांनी स्वतःला वाचवलं आणि मलाही. पेशंट अडवतो तेव्हा हातातलं काम थांबव, नाव आणि केसपेपर पुन्हा पडताळ आणि “बरं झालं विचारलंत” म्हण, त्याची शंका चुकीची निघाली तरीही. एकदा झिडकारलेला माणूस पुन्हा विचारत नाही.

सगळ्यांनाच निर्णय स्वतः घ्यायचा असतो असंही नाही. ऑपरेशनच्या रात्री वेदनेत असलेला माणूस “सिस्टर, तुम्हीच बघा” म्हणतो, तेव्हा बघायचं. हिल्डगार्ड पेप्लाऊ या अमेरिकन नर्सनं १९५२ मध्येच मांडलं होतं की नर्स आणि रुग्णाचं नातं टप्प्याटप्प्यानं पुढे जातं आणि शेवटी रुग्ण स्वतःच्या बळावर उभा राहतो. आज कोण किती भार उचलू शकतो, हे रोज नव्यानं बघावं लागतं.

आता तुझ्या त्या बाई. उद्या ट्रॉली न घेता जा. ट्रॉलीचा आवाज आला तरी त्यांचं अंग आकसत असेल. विचार, सगळ्यात जास्त कधी दुखतं? पट्टी काढताना, जखम धुताना की नंतर? वेदनाशामक गोळी लिहिलेली असेल तर ती ड्रेसिंगच्या किती आधी द्यायची, ते डॉक्टरांना विचारून ठरव. जखमेला चिकटलेला गॉज, म्हणजे पट्टीचं जाळीदार कापड, ओढू नकोस, सलाईननं भिजू दे. कडेची चिकटपट्टी त्यांना स्वतः सोडवायची असेल तर हात स्वच्छ धुऊन सोडवू देत. आणि “थांबा” म्हणाल्या तर खरंच थांब, त्यांचा श्वास सावरेपर्यंत.

त्या काय म्हणाल्या ते मला त्यांच्याच शब्दांत लिहून पाठव.

तुझी,
सिस्टर